नागपूर ते रांची : साडेतीन गाठी

ते विमान वेळेवर उतरलं होतं. तिकिटावर छापलेल्या मिनिटाला. तरीही तेरा वर्षं मी नागपूरजवळच्या बेसाच्या घाटोळे कुटुंबाला हेच सांगत आलो, की विमान लेट झालं म्हणून तुमचं पुढचं विमान चुकलं. चूक माझी होती. आणि ती झाकायला मी जे बोललो, ते चुकीपेक्षा वाईट निघालं.

या अंकासाठी मला खरं तर गमती लिहायला सांगितल्या होत्या. धरमपेठेत माझं विमानाच्या तिकिटांचं छोटं दुकान आहे, वय पंचावन्न, अर्ध्याहून जास्त आयुष्य त्याच खुर्चीत गेलं, तेव्हा गमती पुष्कळ असतील असा संपादकांचा अंदाज. आहेतही. एक-दोन सांगतो, कारण त्यांच्याशिवाय माझ्या अंगात गर्व कुठून आला ते कळणार नाही.

माझ्या दुकानात भिंतीवर भारताचा मोठा कापडी नकाशा आहे, पूर्वी शाळेत असायचा तसा. त्यावर नागपूरला मी एक खिळा ठोकलाय आणि खिळ्याला गोधडी शिवायचा जाड लाल दोरा बांधलाय. नकाशाच्या मापानं दर दोनशे किलोमीटरला दोऱ्यात एक गाठ. गिऱ्हाईक म्हणालं, "श्रीनगर," की मी उठायचो, दोरा ताणून श्रीनगरवर टेकवायचो आणि मोठ्यानं गाठी मोजायचो. लहान मुलं तर तिकिटाचं काम झालं तरी हलायची नाहीत. त्यांना सगळी गावं मोजून पाहिजे असत. नकाशाखाली मी पेंटरकडून लिहून घेतलं होतं : 'नागपूरहून सगळं जवळ.' देशाच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला एवढी ऐट असतेच.

काटोलच्या एक बाई पहिल्यांदाच विमानानं मुलाकडे दिल्लीला निघाल्या होत्या. दोरा ताणल्यावर त्यांनी चष्मा सावरून पाहिलं.

"तुमचा दोरा आमच्या काटोलावरून गेला ना गा?"

"जवळूनच गेला, मावशी."

"मंग वरून आमचं घर दिसन का?"

मी त्यांना खिडकीची जागा दिली. महिन्यानं परत आल्या तेव्हा मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेल्या, "दिसलं बरं. अंगणात थोरल्या सुनेनं वाळवण घातलं होतं, तेही दिसलं. मिरच्या हलवल्या नव्हत्या तिनं." मी वाद घातला नाही. सुनेनं घातला असेल.

दुसरे एक कापसाचे व्यापारी होते. ते नकाशासमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "पुण्याले तीन गाठी. दिल्लीले चारच्या वर. मंग पुण्याचं तिकीट महाग काहून?"

"विमानात अंतराला भाव नसतो, शेठ. गर्दीला असतो."

"अंतराले भाव नाही, तर हा दोरा कशाले टांगून ठेवला?"

दुकानात सगळे हसले, मीही हसलो. त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला, तो नेला नसता तर बरं झालं असतं.

कारण त्या प्रश्नातच आमच्या धंद्याचं मर्म आहे. दोन विमानतळांमधलं अंतर एक, आणि माणसाला लागणारा वेळ दुसरा. मोठं विमान वर गेल्यावर तासाला सात-आठशे किलोमीटर सहज कापतं. त्या हिशोबानं नागपूरहून कोलकाता सव्वा तासाच्या आतबाहेर. पण तिकिटावर पावणेदोन तास छापलेले असतात. तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं आलं, रांगेत थांबणं आलं, उतरायची परवानगी मिळेपर्यंत वर फिरणं आलं. शिवाय कंपन्या थोडा वेळ मुद्दाम वाढवून छापतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर आल्यासारखं दिसतं. या वाढीव वेळाबद्दल गिऱ्हाइकाला काही माहीत नसतं. मला होतं, आणि हीच माझी मिजास होती. दुकानात रिकामा असलो की मी कॉम्प्युटरवर कोणतं विमान किती वाजता उतरलं ते बघत बसायचो. आमचं सकाळचं कोलकात्याचं विमान रोज छापील वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी उतरतं, हे मी असंच बघून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाला सांगायचो, "छापलेल्या वेळेवर जाऊ नका, माझ्यावर जा."

माणसं जायची.

विनायकराव घाटोळे हे त्यातलेच. सरकारी कार्यालयात लिपिक, बेसाकडे नवीन वस्ती होत होती तेव्हा तिथं दोन खोल्यांचं घर बांधलेलं, सज्जन, बोलायला हळू. त्यांना आणि मंदाताईंना मूल नव्हतं. बरीच वर्षं दवाखाने झाल्यावर त्यांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि तान्ह्याच मुलाचा हट्ट धरला नाही. रांचीच्या एका संस्थेत साडेपाच वर्षांची मुलगी होती. नाव फुलमनी. दोघं एकदा आगगाडीनं जाऊन तिला भेटून आले होते. नाव बदलायचं नाही, असं मंदाताईंनी तिथंच ठरवून टाकलं होतं. मग कागदपत्रं, चौकश्या, वाट पाहणं. आणि ऑगस्टमधल्या एका मंगळवारी संस्थेतून फोन आला, शुक्रवारी दुपारी तीन वाजता या आणि मुलीला घेऊन जा.

त्या दिवसांत जुळणारी गाडी नव्हती, म्हणून विनायकराव ऑफिसातून थेट माझ्याकडे आले. एकटेच. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"राजाभाऊ, गुरुवारची तिकिटं काढा. रांचीची. एक रात्र तिथं लॉजवर राहतो, शुक्रवारी सकाळपासून तयार."

मी दोरा ताणला. खरं सांगतो, तेव्हा मला त्या माणसाच्या घाईपेक्षा माझ्या दोऱ्यात जास्त रस होता. "पाहा, साडेतीन गाठीसुद्धा भरत नाहीत. दिल्लीपेक्षा जवळ."

"पण सरळ विमान नाही म्हणता ना?"

"नाही. कोलकात्याला जायचं, तिथून दुसऱ्या कंपनीचं विमान रांचीला. पण त्यासाठी आदल्या दिवशी काहून निघता? शुक्रवारी सकाळी निघा, दुपारी लेकीजवळ."

"मधात वेळ किती मिळते?"

"सव्वा तास छापलाय. पण आपलं विमान रोज वीस मिनिटं आधी उतरतं. म्हणजे दीड तास धरा."

त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले वाटते, आदल्या दिवशीच बरं. पोरगी वाट पाहून राहिली."

हे वाक्य मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. मी त्यावर हसलो. छद्मी नाही, आपण नवख्याला हसतो तसा. म्हणालो, "विनायकराव, तुमचं आगगाडीचं डोकं आहे. विमानात असं नसते. नागपूरहून सगळं जवळ हाये."

त्यांनी भिंतीवरची ओळ वाचली आणि मान डोलावली.

मला त्या सल्ल्यात पैशाचा फायदा नव्हता. असता तर निदान लोभ म्हणून स्वतःला समजावता आलं असतं. मला फक्त दाखवायचं होतं, की मला जे ठाऊक आहे ते छापणाऱ्यांनाही ठाऊक नाही.

आता चूक नेमकी काय झाली ते सांगतो, कारण ती बाहेरच्या माणसाला दिसणार नाही. मी ते विमान आधी उतरताना पाहिलं होतं ते हिवाळ्यात. हिवाळ्यात आपल्याकडे खूप वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो. कोलकात्याला जाणाऱ्या विमानाला तो मागून ढकलतो. तेच विमान परत येताना कण्हत येतं. पावसाळ्यात तो वारा राहत नाही, उलट समोरूनही येतो. हे मला माहीत होतं. चार गिऱ्हाइकांना मी ते ऐटीत समजावूनही सांगितलं होतं. आणि घाटोळेंच्या वेळी हिवाळ्याचं गणित मी ऑगस्टमध्ये लावलं.

दुसरी गोष्ट, दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असती तर पहिल्या कंपनीनं पुढची सोय लावली असती. वेगळ्या तिकिटांत तुम्ही दुसऱ्या कंपनीला परके. बॅग उतरवून घ्यायची, बाहेर येऊन दुसऱ्या काउंटरवर पुन्हा टाकायची, आणि ते काउंटर विमान सुटायच्या पाऊण तास आधी बंद होतं. म्हणजे सव्वा तासातला पाऊण तास असाच गेला. उरला अर्धा. त्यात विमानातून उतरणं, बसमधून येणं, सामानाच्या पट्ट्याजवळ उभं राहणं. मंदाताईंनी संस्थेतल्या सगळ्या मुलांसाठी संत्रा बर्फीचे डबे घेतले होते, बॅग जड होती. ती जवळ ठेवू का, असं विनायकरावांनी विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "टाका बिनधास्त."

शुक्रवारी दुपारी मी डबा उघडला होता. फोन वाजला.

"राजाभाऊ, काउंटर बंद झालं म्हणते हा माणूस. विमान तर इथंच उभं आहे, दिसून राहिलं. तुम्ही बोला ना जरा त्याच्याशी."

मी बोललो. मी सांगून काउंटर उघडणार नव्हतं. मग विनायकराव पुन्हा फोनवर आले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुमचं विमान लेट झालं का?"

"काय माहीत गा. घड्याळ कुठं पाहिलं. बॅग यायले वेळ लागला."

"लेटच झालं असेल. वर फिरवत ठेवलं असेल. रोज आधी उतरतं ते."

फोन ठेवला आणि कॉम्प्युटरवर पाहिलं. विमान छापील वेळेला उतरलं होतं. एक मिनिटही इकडेतिकडे नाही. मी ती खिडकी बंद केली आणि डबाही बंद केला. दुसरं विमान दुसऱ्या दिवशीच होतं. मी त्यांना हावड्याहून रात्रीच्या गाडीनं जायला सांगितलं, त्यांना बसायला कशीबशी जागा मिळाली आणि शनिवारी सकाळी ते संस्थेत पोचले.

तिथं काय झालं ते मला पंधरा-वीस दिवसांनी मंदाताईंनी सांगितलं. तिघं दुकानात आले होते. फुलमनी दारातच थांबली, मंदाताईंच्या पदराचं टोक हातात धरून. पायात नवीन सँडल. तिला घरी सगळे फुला म्हणायला लागले होते.

मंदाताई खुर्चीवर टेकल्या. त्यांचं बोलणं स्वच्छ, ठसक्याचं, पण त्या दिवशी त्या मुलीकडे पाठ करून हळू आवाजात बोलत होत्या.

"शुक्रवारी तिले सकाळीच आंघोळ घातली संस्थेतल्या बाईनं. पिवळा फ्रॉक, मोजे, बूट. आम्हीच धाडले होते ते बूट. तिले सांगितलं, आज तुझी आई येणार, बाबा येणार. पोरगी आपली थैली मांडीवर घेऊन पायरीवर बसली. तीन वाजले. पाच वाजले. अंधार पडला तरी उठत नाही. जेवली नाही. बूट काढू देत नाही. बूट घालूनच झोपली म्हणते ती बाई."

"आम्ही फोन केला होता तिथं," विनायकराव म्हणाले.

"फोन केला तर? पोरीले फोन समजते का? सकाळी आम्ही पोचलो तर पायात काही नाही. पहाटे उठून तिनंच बूट काढले अन् दुसऱ्या एका पोरीले देऊन टाकले. म्हणते, मुझे नहीं जाना. रडली नाही, काही नाही. इथपर्यंत आली, पण अजून माझ्याकडे पाहून हसली नाही वं माझी बाय."

शेवटचं 'वं माझी बाय' त्यांनी मुलीकडे वळून म्हटलं. मुलगी नकाशाकडे बघत होती.

मग विनायकरावांनी मला विचारलं, "विमान लेटच होतं ना, राजाभाऊ?"

त्यांना ते ऐकायचं होतं. मला ते सांगायचं होतं. आणि आता मला खरं काय ते पक्कं माहीत होतं. पहिल्यांदा बोललो तेव्हा सवयीनं बोललो होतो. या वेळी विचार करून बोललो.

"हो. चांगलं वीस-पंचवीस मिनिटं लेट."

"लेट होते तर होते," मंदाताई नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "पण जीव लावणारा माणूस आदल्या दिवशी निघते. यायनं एका रात्रीचं लॉज वाचवलं."

विनायकरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काय मागितलं होतं, कुठं उभं राहून मागितलं होतं, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मंदाताई त्या दिवशी नव्हत्या. मी बोलेन म्हणून ते थांबले. मी टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावलं. मग ते म्हणाले, "चला, फुलाले भूक लागली असन."

आजही मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या पेनाची.

त्यानंतर मी बदललो, असं लोक म्हणतात. दोन तिकिटांच्या मधे मी चार तास ठेवायला लागलो. लग्न, परीक्षा, दवाखाना, काही मोडता येणार नाही असं काम असलं की आदल्या दिवशीचंच तिकीट. गिऱ्हाइकं चिडायची. एक नवरदेव म्हणाला, "काका, लग्नाला जायचंय, गाव वसवायला नाही." नकाशाखालची ओळ मी पुसून टाकली, विचारणाऱ्यांना सांगितलं रंग उडाला. घाटोळेंच्या तिकिटांवर मी पुढं कधी कमिशन घेतलं नाही आणि त्यांना वाटलं, भला माणूस आहे. फुलाच्या वाढदिवसाचं बोलावणं दर वर्षी यायचं. एकदाही गेलो नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी सीताबर्डीला मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली विनायकराव भेटले. उन्हात उभे होते. फुला क्लासहून येणार होती.

"किती वाजता?"

"आहे अजून तासभर."

"मग आतापासून काहून उभे?"

ते हसले. "आमच्या गल्लीत मले स्टेशनमास्तर म्हणतात पोट्टे. काय करता. लहान होती तेव्हा शाळेतून आणायले पाच मिनिटं उशीर झाला, की ही पायरीवर बसून बूट काढून ठेवायची. आरडाओरडा नाही. बूट बाजूला, अन् गप. एकदा तर पोचलो तोवर वाटून टाकले होते. आता मोठी झाली, आता काही नाही करत. पण मले भरवसा नाही राहिला. ती खाली उतरली अन् मी दिसलोच पाहिजे." मग रुमालानं मान पुसून म्हणाले, "विमानवाल्यांनी पाहा ना, काय करून ठेवलं आपल्याशी."

आपल्याशी, म्हणाले. मलाही त्यांनी आपल्या बाजूला धरलं होतं.

मी मेट्रोनं जाणार होतो. गेलो नाही. धरमपेठेपर्यंत पायी आलो, आणि वाटेत उद्याच सांगून टाकू असं ठरवलं. असं मी बऱ्याचदा ठरवलंय. ठरवण्यात मी कधी उशीर केला नाही.

या उन्हाळ्यात एका सकाळी दुकान उघडायला गेलो तर पायरीवर दोघं बसलेले. विनायकराव, केस पूर्ण पांढरे, निवृत्त झालेले. शेजारी जीन्स घातलेली उंच मुलगी. मला पाहून उठली.

"काका, आम्ही अर्ध्या तासापासून आहोत. बाबा म्हणे, उशीर केला तर दुकान उडून जाईन."

फुला अठरा वर्षांची झाली होती. तिला रांचीला जायचं होतं. संस्थेत जिनं तिला वाढवलं ती बाई काम सोडून गावी परत चालली होती, त्याआधी फुलाला तिला भेटायचं होतं. आई आणि बाबा दोघंही बरोबर जाणार होते.

"तिकिटं मी फोनवरच काढणार होते," ती म्हणाली. "पण बाबा ऐकत नाही. राजाभाऊच काढतीन, म्हणे. मागच्या वेळी त्यांनी किती सांभाळून घेतलं."

मी कुलूप काढलं.

आत आल्यावर ती थेट नकाशाकडे गेली. दोरा खिळ्याला तसाच होता, रंग विटलेला. "हा मला आठवते. मला वाटायचं यालाच धरून विमान जाते." तिनं दोऱ्याचं टोक हातात घेतलं, रांची शोधली, ताणला आणि बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, आणि उरलेला तुकडा. मग पुन्हा मोजलं.

"इतकंच? बाबा, इतकंसंच तर आहे. मग तुम्हाले तेव्हा एक दिवस उशीर काहून झाला?"

तिनं सहज विचारलं होतं. दोरा अजून हातातच होता. विनायकरावांनी चष्मा काढून पुसला आणि तेरा वर्षं जे सांगत आले तेच त्याच शांतपणे सांगितलं, "विमान लेट झालं होतं ना, बेटा."

त्या माणसाच्या तोंडात माझं खोटं होतं आणि ते खोटं आहे हे त्याला माहीतही नव्हतं. मला वाटतं, ते मला बघवलं नाही.

"नव्हतं झालं," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"विमान वेळेवर उतरलं होतं, विनायकराव. मी त्याच दिवशी पाहिलं होतं. तुम्हाला दिलेली वेळच अपुरी होती. ते रोज आधी उतरतं, हे मी हिवाळ्यात पाहिलं होतं आणि तुम्हाला पावसाळ्यात सांगितलं. नंतर दुकानात तुम्ही विचारलं, तेव्हा मी जाणूनबुजून खोटं बोललो."

विनायकराव खुर्चीवर बसले. मी शिव्या ऐकायची तयारी केली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे, आदल्या दिवशी निघतो म्हणत होतो मी, ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"मले वाटे, मी नीट नसन म्हटलं. जोर देऊन म्हटलं असतं तर..."

"तुम्ही दोनदा म्हटलं होतं. मी हसलो होतो."

फुलानं दोरा सोडला. तो भिंतीवर आपटून लोंबत राहिला. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. मी तिच्याकडे वळून बोलायला लागलो, तर तिनं मला मधेच थांबवलं.

"मले नका सांगू, काका. मले त्यातलं थोडंसंच आठवते, बूट आठवतात. तुम्ही आईले सांगा. घरात काहीही उशिरा झालं, गॅसचं सिलेंडर उशिरा आलं तरी, ती बाबांना तेच बोलते. एक रात्र वाचवली म्हणून. अन् हे ऐकून घेतात."

"फुला," विनायकराव म्हणाले, "राहू दे वं. आता काय."

"काहून राहू दे?" तिचा आवाज चढला. "तुम्ही काहून ऐकून घेतलं इतके वर्षं?"

मी दुकानाचं शटर पुन्हा खाली ओढलं. तिघं एकाच ऑटोत बसून बेसाला गेलो. वस्ती मी पाहिली होती त्यापेक्षा कितीतरी वाढली होती, घाटोळेंच्या घरावर एक मजला चढला होता. तेरा वर्षांत मी त्या घरात पहिल्यांदाच येत होतो.

मंदाताईंनी दार उघडलं. हात पिठाचे. "अरे बाप्पा! तिकीट आणायले गेले अन् राजाभाऊलेच घेऊन आले? या, बसा. इतक्या वर्षांनी पाय लागले आमच्या घराले."

मी बसलो नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "काय झालं?"

विनायकराव काही बोलायला गेले, फुलानं त्यांच्या हातावर हात ठेवला. वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, वाऱ्याची, काउंटरची, बॅगेची. ती सगळी तोंडात आली, आणि मी गिळली.

"मंदाताई, त्या दिवशी विमान लेट नव्हतं. विनायकराव आदल्या दिवशीचीच तिकिटं मागायला आले होते. मी त्यांना हसलो आणि शुक्रवारची दिली. मग खोटं बोललो, आणि तुम्ही माझ्यासमोर यांना बोललात तेव्हा मी गप्प बसलो. यांनी काहीही वाचवलं नव्हतं. फुला पायरीवर बसून राहिली ती माझ्यामुळं. मी तिघांची माफी मागतो."